क्रीडासंस्थांतील बालसुरक्षा : तक्रार मिटवायची नव्हे, कळवायची

वार्षिक परीक्षा संपल्या की शहरातील तरणतलाव, जिमखाने, व्यायामशाळा आणि क्रीडासंकुले मुलांनी भरून जातात. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर शिबिराचे शुल्क, बॅचच्या वेळा आणि पोहण्याची टोपी सक्तीची असल्याची सूचना असते. 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी संस्था घेणार नाही' हे वाक्य तर बहुधा ठळक अक्षरांत असते. मुलाची जबाबदारी कोण घेणार, त्याला कोणी त्रास दिला तर त्याने अथवा त्याच्या पालकांनी नेमके कोणाकडे जायचे, याचा उल्लेख मात्र फार थोड्या फलकांवर आढळतो. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर आज कायद्याने दिलेले आहे आणि त्या उत्तरात संस्थेच्या अध्यक्षांपासून अर्धवेळ प्रशिक्षकापर्यंत सर्वांचा समावेश होतो.

या विषयासाठी इंग्रजीत 'सेफगार्डिंग' असा शब्द आहे. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही. 'संरक्षण' म्हटले की पहारेकरी आणि सीसीटीव्ही कॅमेरे डोळ्यांपुढे येतात. येथे अपेक्षित अर्थ त्याहून व्यापक आहे. लैंगिक अत्याचार, मारहाण, अपमान, उपासमार करून वजन उतरवायला लावणे, दुर्लक्षामुळे होणारी इजा या सर्वांपासून मुलांना आणि परावलंबी प्रौढांना जपण्याची संस्थेने आधीच लावून ठेवलेली व्यवस्था, असा तो अर्थ आहे. यातील 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रकार घडल्यावर कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावणे म्हणजे ही व्यवस्था नव्हे.

मैदान वेगळे का?

शाळेत शिक्षक बदलतात, वर्ग बदलतात. खेळात एकच प्रशिक्षक वर्षानुवर्षे एका मुलाला घडवतो. संघात कोण, राखीव कोण, जिल्हा स्पर्धेला कोणाचे नाव पाठवायचे, हे बहुधा त्याच्या एका शब्दावर ठरते. सराव पहाटे अथवा रात्री चालतो. कपडे बदलणे, दुखापतीवर उपचार, परगावच्या स्पर्धा, धर्मशाळेतील अथवा वसतिगृहातील मुक्काम हे सारे खेळाचेच भाग असतात. कुस्ती, मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स आणि जलतरण या खेळांत तर स्पर्शावाचून शिकवणेच शक्य नसते. पालकांनी पदरमोड करून मुलाला येथवर आणलेले असते आणि मुलालाही ते ठाऊक असते. 'सरांविरुद्ध बोललो तर माझा खेळ संपेल' ही त्याची भीती अनाठायी नसते. ती अनेकदा खरी ठरलेली आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अहवालासाठी १३ राज्यांतील १२ हजार ४४७ मुलांशी बोलण्यात आले होते. त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा यांचाही समावेश होता. आपल्याला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराला सामोरे जावे लागले, असे ५३.२२ टक्के मुलांनी सांगितले. अशी तक्रार करणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून अधिक होते, ही बाब आपल्याकडे सहसा विसरली जाते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीतील अथवा विश्वासाच्या नात्यातील होते. 'आमच्याकडे मुलींसाठी महिला प्रशिक्षक आहे' एवढ्यावर समाधान मानणाऱ्या संस्थांनी ही आकडेवारी एकदा तरी वाचावी.

पंचकुला, १९९०

भारतातील क्रीडासंस्थेशी निगडित सर्वाधिक गाजलेले प्रकरण हरयाणातील पंचकुला येथील आहे. पीडित मुलगी १४ वर्षांची टेनिसपटू होती. तिचे नाव पुढे देशभर झाले, तरी येथे ते देण्याचे कारण नाही. ऑगस्ट १९९० मध्ये हरयाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष एस. पी. एस. राठोड यांनी तिचा विनयभंग केला. ते त्या वेळी पोलीस महानिरीक्षकही होते. मैत्रिणीने हा प्रकार पाहिला होता. मुलगी, तिची मैत्रीण आणि कुटुंबीयांनी धीर करून लेखी तक्रार केली. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या चौकशीत तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले आणि गुन्हा नोंदवण्याची शिफारसही झाली. तरीही गुन्हा नोंदवला गेला नाही. मुलीचे नाव शाळेतून काढण्यात आले. डिसेंबर १९९३ मध्ये तिने विष घेऊन आयुष्य संपवले. उच्च न्यायालयाने प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवल्यानंतर गुन्हा नोंदला गेला, तो १९९९ च्या अखेरीस. डिसेंबर २००९ मध्ये राठोड यांना दोषी ठरवून सहा महिने कारावास व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. मे २०१० मध्ये ती दीड वर्षाची करण्यात आली. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, मात्र वय लक्षात घेऊन शिक्षा भोगलेल्या कालावधीपुरती मर्यादित केली.

या प्रकरणाची चर्चा प्रामुख्याने पोलीस आणि राजकारणी यांच्या साटेलोट्याच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. परंतु क्रीडासंस्थांच्या दृष्टीने त्यातील एक साधी गोष्ट नजरेआड होऊ नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तोच संस्थेचा प्रमुख होता. तक्रार करण्यासाठी संस्थेत दुसरी जागाच नव्हती.

त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, गोव्यातील एका जलतरण प्रशिक्षकाविरुद्ध अल्पवयीन जलतरणपटूवर अत्याचार केल्याचा गुन्हा दाखल झाला. मुलगी पश्चिम बंगालची होती आणि प्रशिक्षणासाठी गोव्यात राहत होती. प्रकार उघडकीस आला तो संस्थेच्या यंत्रणेमुळे नव्हे, तर समाजमाध्यमांवर पसरलेल्या चित्रफितीमुळे. राज्य संघटनेने प्रशिक्षकाला काढून टाकले आणि पोलिसांनी त्याला दिल्लीत अटक केली. याला देशात कोठेही काम मिळू नये, असे तत्कालीन केंद्रीय क्रीडामंत्र्यांना जाहीर करावे लागले. मंत्र्यांना हे सांगावे लागले, कारण एका राज्यातून गेलेला प्रशिक्षक दुसऱ्या राज्यात सहज उभा राहू शकतो.

कायदा काय सांगतो?

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजेच 'पोक्सो' कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मग ती मुलगा असो वा मुलगी, या कायद्यानुसार बालक आहे. मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेचा मालक, व्यवस्थापक अथवा कर्मचारी, तसेच मुलाच्या संदर्भात विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानी असलेली व्यक्ती यांनी केलेला अपराध हा या कायद्यात अधिक गंभीर प्रकारचा मानला जातो. प्रशिक्षकाचा समावेश यात होतो, हे वेगळे सांगायला नको. अशा गंभीर प्रकारच्या बलात्कारसदृश अपराधासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षे कारावास आणि कमाल मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आहे.

संस्थांच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची कलमे शिक्षेची नव्हेत, तर कळवण्याची आहेत. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या अथवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती बाब विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कारावासाची मर्यादा एक वर्षापर्यंत वाढते आणि दंडही होतो. बहुतेक क्रीडामंडळे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असतात. अध्यक्ष, चिटणीस, विश्वस्त ही पदे मानाची म्हणून स्वीकारली जातात. त्यांच्याबरोबर ही जबाबदारीही येते, याची कल्पना पद स्वीकारताना किती जणांना दिली जाते, हा प्रश्नच आहे.

न्यायालयांनी या तरतुदीकडे औपचारिकता म्हणून पाहिलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचारप्रकरणी, मुलींची तपासणी करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असताना न कळवणे हा गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेच्या प्रकरणातही मुख्य आरोपीबरोबरच शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर घटना वेळीच न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. बदलापूरनंतर शालेय शिक्षण विभागाने शाळांसाठी सुरक्षेच्या सूचना काढल्या. शाळेबाहेरची क्रीडामंडळे त्या विभागाच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे 'हे शाळांचे झाले' अशी समजूत पसरली. ती चुकीची आहे.

कारण ९ मार्च २०२० पासून लागू झालेल्या पोक्सो नियमांत क्रीडा प्रबोधिनींचा, म्हणजे स्पोर्ट्स ॲकॅडमींचा, नावानिशी उल्लेख आहे. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या अशा संस्थांनी कायम असोत वा कंत्राटी, शिकवणारे असोत वा अन्य, मुलांशी संपर्क येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वचौकशी ठरावीक काळाने केली पाहिजे, तसेच त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण दिले पाहिजे, असे हे नियम सांगतात. यात पाणके, माळी, रखवालदार, बसचालक हे सर्व येतात.

पडताळणीचा दाखला म्हणजे चारित्र्याची हमी नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. नोंद झालेला गुन्हाच त्यात दिसतो आणि बहुतांश तक्रारी नोंदीपर्यंत पोहोचतच नाहीत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची सप्टेंबर २०१८ मध्ये तयार झाली, परंतु ती पाहण्याचा अधिकार तपास यंत्रणांनाच आहे. म्हणून प्रशिक्षक आधी ज्या संस्थेत होता, तेथे दूरध्वनी करून 'त्यांनी काम का सोडले?' एवढे विचारणे हा दाखल्याइतकाच उपयोगी मार्ग आहे. अडचण अशी, की पहिली संस्थाही बहुधा 'वैयक्तिक कारण' असेच उत्तर देते. राजीनामा घेऊन माणूस घालवला, म्हणजे प्रकरण संपले, असे तिला वाटत असते. प्रत्यक्षात ते पुढच्या तलावावर गेलेले असते.

'आधी खात्री करून घेऊ'

तक्रार आल्यावर सज्जन माणसांच्या कार्यकारिणीतही पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. 'सर गेली वीस वर्षे येथे आहेत.' 'आधी दोन्ही बाजू ऐकून घेऊ.' 'संस्थेचे नाव खराब होईल.' मग मुलाला बोलावले जाते आणि प्रशिक्षकाला समोर बसवून पुन्हा तेच विचारले जाते. हेतू वाईट नसतो, पण परिणाम तीन प्रकारे वाईट होतो. मुलाची पहिली, ताजी हकिगत बिघडते. आरोपीला सावध होण्यास वेळ मिळतो. आणि न कळवता गेलेला प्रत्येक दिवस पदाधिकाऱ्यांना कलम २१ च्या जवळ नेतो. कायद्याने संस्थेकडून निवाडा मागितलेला नाही. तपास पोलिसांनी करायचा आहे आणि दोष न्यायालयाने ठरवायचा आहे. संस्थेचे काम कळवण्याचे आणि दरम्यान मुलाला त्या व्यक्तीच्या संपर्कापासून दूर ठेवण्याचे आहे. संबंधित प्रशिक्षकाला तेवढ्या काळापुरते कामातून बाजूला ठेवणे हा त्याच्यावरील ठपका नव्हे, ही बाब लेखी पत्रात नमूद करता येते.

खोट्या तक्रारीची भीती वारंवार बोलून दाखवली जाते. कायद्याने तिचीही दखल घेतली आहे. द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्यास कलम २२ अन्वये शिक्षा आहे. मात्र बालकाने दिलेली माहिती खोटी ठरली, तरी त्याला शिक्षा नाही आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 'कळवले आणि चूक निघाली तर?' या प्रश्नाचे उत्तर असे सरळ आहे.

खरा पेच वेगळा आहे. अनेकदा पालकच हात जोडून सांगतात, की आमच्या मुलीचे नाव कोठे येऊ देऊ नका, आम्ही तिला दुसरीकडे घालतो. संस्थेला ते सोयीचे वाटते. कायदा मात्र पालकांची इच्छा नसल्याच्या कारणाने कळवण्यातून सूट देत नाही. हे कठोर वाटते, कारण लग्न, शेजार, नातेवाईक यांची धास्ती खरीच असते. अशा वेळी पदाधिकाऱ्यांनी पालकांना कायद्यातील संरक्षणाची माहिती द्यावी. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तातडीच्या वैद्यकीय उपचारांसाठी रुग्णालय आधी पोलिसांचा कागद मागू शकत नाही. बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला प्रकरण कळवायचे असते. पालक सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर 'कोणती मुलगी हो?' असे विचारणाऱ्यांनीही ओळखीबाबतची तरतूद लक्षात ठेवावी.

मूल स्वतः येऊन काही सांगू लागले, तर काय करावे? ऐकावे. 'तू नक्की तेव्हा एकटी का गेलीस?' असे प्रश्न टाळावेत. उत्तर सुचवणारे प्रश्नही टाळावेत. 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. कोणाला सांगणार आणि कशासाठी, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. मूल गेल्यावर त्याचेच शब्द, दिनांक आणि वेळ लिहून ठेवावी, मोबाइलवरील संदेश जपून ठेवायला सांगावेत आणि पोलिसांशी संपर्क साधावा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेमार्फत चालवला जातो आणि आपत्कालीन ११२ या क्रमांकाशी जोडलेला आहे. हा क्रमांक शुल्काच्या फलकाशेजारी, मुलाच्या उंचीला लावायला खर्च येत नाही.

स्पर्श, मालीश, मोबाइल

प्रशिक्षकांची एक रास्त तक्रार असते, की आता मुलाला हात लावायचा की नाही? मल्लखांबावर मूल उलटे असताना आधार द्यावाच लागतो, पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरावाच लागतो. कायद्याची कसोटी हेतूची आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेचा त्वचेला स्पर्श नसल्यास पोक्सोखालील लैंगिक हल्ला होत नाही, असा निर्वाळा दिला होता. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना लैंगिक हेतू हाच निर्णायक असल्याचे सांगितले. व्यवहारात यातून साधी पद्धत निघते. हात कोठे आणि कशासाठी लावणार, हे आधी सांगावे. स्पर्श तंत्रापुरता असावा. तो सर्वांसमोर व्हावा. मुलाने 'नको' म्हटले तर थांबावे. चांगले प्रशिक्षक हे पूर्वीपासून करत आले आहेत.

तालमींत लहान पैलवानांनी मोठ्यांचे अंग चेपण्याची, मालीश करण्याची रीत आहे. तिच्यामागे वस्तादाविषयी श्रद्धा असते आणि ती एकदम मोडून काढा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु गावाकडून आलेला, तालमीतच राहणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा आणि बंद खोली, हे मिश्रण परंपरेच्या नावाखाली तपासणीबाहेर ठेवता येत नाही. मालीश हौद्याशेजारी, सर्वांच्या नजरेसमोर होऊ शकते.

दौऱ्यांबाबतही तेच. मोठ्या माणसाने मुलासोबत एका खोलीत मुक्काम करू नये, एकट्या मुलाला आपल्या गाडीतून नेऊ नये, मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असावी. कपडे बदलण्याच्या खोलीत मोठे सभासद आणि मुले यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात आणि तेथे मोबाइल बाहेर काढण्यास पूर्ण बंदी असावी. सीसीटीव्ही कॅमेरा दारापर्यंत, आत कधीही नाही. सरावाच्या वेळा कळवण्यासाठी पालकांचा समावेश असलेला गट पुरेसा असतो. रात्री साडेअकराला एकट्या मुलीला 'आज छान खेळलीस' असा संदेश पाठवण्याचे क्रीडाविषयक कारण कोणालाही सांगता येणार नाही. लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार डिजिटल माध्यमातून संपर्क साधणे हाही पोक्सोखाली अपराध असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे.

मारहाणीबाबत आपल्याकडे अजून सौम्य भाषा वापरली जाते. 'सरांनी दोन ठेवून दिल्या म्हणून मुलगा घडला' असे अभिमानाने सांगणारे पालक आहेत. शिक्षणहक्क कायद्यातील शारीरिक शिक्षेवरील बंदी शाळांपुरती आहे, हे खरे. परंतु मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने केलेल्या क्रूरतेसाठी बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. मैदानाला त्यातून सूट नाही.

मोठ्यांचे काय?

क्रीडासंस्थेत केवळ मुलेच जपण्याजोगी असतात असे नाही. बौद्धिक अपंगत्व असलेला पंचविशीतला धावपटू, ऐकू न येणारी बॅडमिंटनपटू, पडल्यानंतर पुन्हा चालायला शिकण्यासाठी तरणतलावावर येणारे पंच्याहत्तरीचे आजोबा हेही दुसऱ्यावर अवलंबून असतात. येथे कायदा बराच वेगळा आहे आणि संस्थांचा गोंधळ होतो तो येथेच.

दिल्लीतील एका प्रकरणात सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३८ वर्षीय महिलेचे मानसिक वय सहा वर्षांचे असल्याने तिला पोक्सोचे संरक्षण मिळावे, अशी मागणी होती. २१ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. कायद्यातील १८ वर्षे म्हणजे जन्मतारखेनुसारचे वय, मानसिक वय नव्हे, असा हा निर्णय आहे. म्हणजेच अठरावा वाढदिवस होताच त्या खेळाडूभोवतीचे सक्तीने कळवण्याचे कवच गळून पडते, त्याची समज तेवढीच राहिली तरी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ७ नुसार दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार, हिंसा अथवा शोषण होत असल्याचे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती वा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना माहिती देऊ शकते. 'देऊ शकते', 'दिलीच पाहिजे' असे नाही. कायद्याने जेथे सक्ती केलेली नाही, तेथे संस्थेने आपल्या नियमावलीत ती स्वतःवर घालून घ्यावी, असे या वार्ताहराचे मत आहे.

त्याच वेळी प्रौढाला मुलासारखे वागवणे हाही त्याचा अवमानच आहे. काय करायचे, हे शक्य तेथे त्यालाच विचारले पाहिजे. केवळ त्याच्यासोबत येणाऱ्या नातेवाइकाला विचारून भागत नाही, कारण त्रास देणारा कधीकधी तोच असतो. दिव्यांग महिलेवरील लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांनी तिच्या घरी अथवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावी आणि त्याचे चित्रीकरण करावे, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे.

महिला खेळाडूंसाठी, त्यांचे वय कितीही असो, २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही लागू होतो. त्यातील 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे स्थळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती सक्तीची आहे. त्याहून लहान संस्थेतील महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. जंतरमंतरवरील कुस्तीपटूंच्या आंदोलनानंतर, मे २०२३ मध्ये, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने अनेक राष्ट्रीय क्रीडा महासंघांना अशी समिती नसल्यावरून नोटिसा पाठवल्या होत्या. महासंघांची ही अवस्था असेल, तर गल्लीतील मंडळाला दोष किती द्यायचा? ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला व अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद करण्यात आली आहे. ते गल्लीपर्यंत झिरपण्यास वेळ लागेल. संस्थांनी तोवर थांबण्याचे कारण नाही, कारण वर उल्लेखलेले कायदे आधीपासूनच लागू आहेत.

एक माणूस नेमा

ब्रिटनला याची जाग १९९५ मध्ये आली. सोल ऑलिम्पिकमधील त्यांच्या जलतरण प्रशिक्षकाला, पॉल हिक्सनला, त्या वर्षी मुलींवरील अत्याचारासाठी १७ वर्षांची शिक्षा झाली. २००१ मध्ये तेथे क्रीडाक्षेत्रातील बालसंरक्षणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. तरीही फुटबॉलमधील जुन्या अत्याचारांना वाचा फुटण्यास २०१६ साल उजाडावे लागले. अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने उघडपणे बोलायचे ठरवल्यावर असंख्य पुरुष पुढे आले आणि प्रशिक्षक बॅरी बेनेल याला २०१८ मध्ये दीर्घ कारावास झाला. तेथील पद्धतीतील एक गोष्ट आपल्याकडील लहान मंडळालाही उचलता येण्यासारखी आहे. प्रत्येक क्लबमध्ये या कामासाठी एक ठरलेली व्यक्ती असते आणि तिचे नाव सर्वांना माहीत असते. ही व्यक्ती संघनिवड करणारी नसावी, प्रशिक्षकाची नातेवाईक नसावी आणि शक्यतो अध्यक्षही नसावी. शक्य असल्यास एक पुरुष व एक स्त्री असावी. निवृत्त शिक्षिका, डॉक्टर, समाजकार्याचा अनुभव असलेल्या सभासद प्रत्येक मंडळात सापडतात. त्यांच्याविषयीच तक्रार असेल तर कोणाकडे जायचे, तेही फलकावर लिहावे. पंचकुल्याला नेमके तेवढेच नव्हते.

आता प्रौढ झालेले काही खेळाडू आपल्या लहानपणीच्या प्रसंगाविषयी आज बोलू इच्छितात. पोक्सो कायद्यात तक्रार करण्यासाठी कालमर्यादा घातलेली नाही आणि वय १८ च्या पुढे गेल्याने हा हक्क संपत नाही, असे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये विधी मंत्रालयाचा अभिप्राय घेऊन स्पष्ट केले आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पूर्वी घडलेल्या घटनांना त्या वेळचे भारतीय दंडविधान लागू होते आणि त्यातील कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतीचे बंधन येऊ शकते. तक्रार दहा-पंधरा वर्षांनी आली, की पोलीस पहिल्यांदा संस्थेचे दप्तर मागतात. त्या उन्हाळ्यात बॅच कोणाची होती, दौऱ्यावर कोण गेले होते, मुक्काम कोठे होता, हे त्यावरूनच कळते. त्यामुळे जुने हजेरीपट, नेमणुकीची पत्रे आणि दौऱ्यांच्या याद्या रद्दीत घालण्यापूर्वी चिटणिसांनी एकदा वकिलांना विचारून घ्यावे.